बिनफिल्टरचा फोटो

“हा पोरगा खरा नाय,” फोन हातभर लांब धरून विश्राम चुरींनी निकाल दिला.

दमयंतीबाई पडवीत विळीवर खोबरं खवत होत्या. त्यांनी मानसुद्धा वर केली नाही. “खरा नाय म्हंजे काय? हे स्थळ आणणारी येसूमावशी केळव्याला त्याच्या घरी जेवून आली. खोट्या माणसाच्या घरी कोण जेवतं?”

“मी फोटोचं बोलतोय. हे बघ. गालावर तीळ नाय, खड्डा नाय, दाढीचा एक खुंट नाय. आमच्या कंपनीत साच्यातून निघालेलं पिंपसुद्धा एवढं गुळगुळीत नसतं. ह्याला म्हणतात फिल्टर. आणि फिल्टर माणूस कधी लावतो? काहीतरी लपवायचं असतं तेव्हा.”

तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत प्लास्टिकची पिंपं बनवणाऱ्या एका कारखान्यात विश्रामराव माल तपासायला होते. पिंप उलटंसुलटं करायचं, आत बॅटरी मारायची, बोटाने कडा चाचपायच्या आणि कुठे बारीक फुगवटा लागला की लाल खडूने फुली मारायची, हे काम त्यांनी उभं आयुष्य केलं होतं. कंपनी त्यांच्यावर खूष होती. त्रास होता तो घरच्यांना. कारण फुली मारायला सरावलेला हात सुट्टीचा भोंगा झाला म्हणून थांबत नाही. चिंचणीच्या बाजारातलं वांगं असो, दूधवाला असो की दारात आलेला पाहुणा, विश्रामराव प्रत्येकाच्या आत बॅटरी मारून बघत. लेकीसाठी आलेल्या स्थळांचीही तीच गत झाली होती. एकाच्या बोटांत अंगठ्या फार म्हणून तो नापास. दुसरा फार गोड बोलतो म्हणून नापास. तिसरा बोलतच नव्हता, म्हणजे याने नक्कीच काहीतरी दाबून ठेवलंय, म्हणून तोही नापास.

लेक समिधा बोईसरच्या एका शाळेत विज्ञान शिकवायची. या वेळी तिने केळव्याच्या धीरज राऊतशी फोनवर बोलून घेतलं होतं. चिकूच्या झाडाखाली फेऱ्या मारत ती बराच वेळ बोलली आणि हसत घरात आली. मग वडिलांसमोर उभी राहून वर्गात परीक्षेची तारीख सांगावी तशा शांतपणे म्हणाली, “पप्पा, हा मला आवडलाय. ह्याच्यावर फुली मारलीत तर मी परत कुणासमोर पोहे घेऊन येणार नाही. हे शेवटचं.”

समिधा उगाच बोलत नसे, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. 

मोबाइलच्या कॅमेऱ्याबद्दल विश्रामरावांची मतं पक्की होती. हल्लीचे फोन फोटो काढतच नाहीत, चित्र रंगवतात, असं ते म्हणत. मागे चार-चार डोळे लावलेले, आणि दिसतं काय, तर जे नाही ते. त्यांच्या पुतणीने एकदा नव्या फोनवर चिंचणीच्या किनाऱ्याचा फोटो काढून दाखवला होता. त्यात समुद्र निळाशार. विश्रामराव म्हणाले होते, “आपला समुद्र एवढा निळा झाला तर कोळी घाबरून होड्या परत आणतील.” त्यांचा स्वतःचा फोन जुना होता, पण सरळमार्गी. काळं ते काळं आणि गोरं ते गोरं दाखवणारा. मध्यंतरी विजेच्या मीटरचा फोटो काढला, तर आकड्यांवर पांढरट धुकं आलं. विश्रामरावांनी लगेच लाइनमनला बोलावून मीटरची काच खराब असल्याचं सुनावलं. बिचाऱ्याने काच पुसून दाखवली, तरी त्यांनी तक्रार मागे घेतली नाही. फोन खोटं बोलेल, हे त्यांच्या मनातसुद्धा आलं नाही.

तसा दिवसभर हा फोन आंधळाच असे. कारखान्यात फोटो काढायला मनाई होती, म्हणून फाटकावरचा पहारेकरी सकाळी प्रत्येकाच्या कॅमेऱ्यावर लाल गोल स्टिकर दाबून बसवी. संध्याकाळी बाहेर पडलं की लोक तो नखाने खरवडून रस्त्यावर फेकत. विश्रामरावांना रस्त्यावर कचरा टाकलेला खपत नसे. ते स्टिकर आपल्या जेवणाच्या डब्याच्या झाकणावर चिकटवून घरी आणत. दमयंतीबाई रोज ते झाकण घाशीत आणि रोज तेच म्हणत, “राख लावली, खोबरेल लावलं, ह्या मेल्या स्टिकरचा डिंक काय जात नाय.”

तर, मुलाचा फोटो असा गुळगुळीत आल्यावर आपण कसं वागायचं, हे विश्रामरावांनी ठरवलं. समिधाने मैत्रिणीकडून काढून घेतलेला छान फोटो त्यांनी बाजूला सारला. “आपला व्यवहार सरळ. फोटो मी काढणार.”

त्यांनी तिला चिकूखाली उभं केलं. ओळखपत्राला लागतो तसा फोटो काढायची त्यांची रीत होती. नाक बरोबर मधोमध, हनुवटी वर, हात खाली. “हसू नको. हसलं की गाल बदलतात.” खचाक. आणि तिथल्या तिथे त्यांनी तो फोटो मुलाच्या वडिलांना, पंढरी राऊतांना पाठवूनही दिला. खाली लिहिलं, ‘फोटो बिनफिल्टरचा आहे. मुलगी जशी आहे तशी. काही लपवलेलं नाही.’

“मला बघू तरी द्यायचा,” दमयंतीबाई म्हणाल्या.

“काय बघायचंय? पोरगी रोज समोर असते. आणि आमच्या कंपनीत नियम हाय, ज्याने माल बनवला त्याने तो तपासायचा नाय.”

केळव्याहून लगेच उत्तर आलं नाही. दमयंतीबाई सारख्या फोनकडे बघत राहिल्या. अखेर दुसऱ्या दिवशी पंढरीरावांचा निरोप आला, ‘रविवारी येतो. आम्हाला माणसं सरळ हवीत, बाकी कशाचं काही नाही.’

दमयंतीबाईंचा चेहरा खुलला. विश्रामरावांचे डोळे बारीक झाले. “बाकी कशाचं काही नाही म्हंजे? बाकी काय असतं? आणि हे लिहायला एवढा वेळ? ह्यांच्या घरात कायतरी शिजतंय.”

शंकेची पाल चुकचुकली की विश्रामरावांना अन्न गोड लागत नसे. त्यांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि स्कूटर काढून थेट पालघर गाठलं. धीरज तिथल्या एका पतपेढीत नोकरीला होता. विश्रामराव त्याच्या खिडकीसमोरच्या बाकावर बसले. फोन छातीशी उभा धरला, जणू चष्मा विसरलेला म्हातारा निरोप वाचतोय. धीरजचं नाक बरोबर मधोमध आलं आणि त्यांनी बटण दाबलं.

फोनचा आवाज त्यांनी कधीच कमी केला नव्हता. सगळ्या पतपेढीला ऐकू जाईल असं ‘खचाक’ झालं.

पहारेकरी आला. “काका, फोटो कसला काढताय?”

“व्याजाच्या दराचा.”

“तो फलक तुमच्या पाठीमागच्या भिंतीवर हाय.”

“म्हणून तर चुकला ना फोटो,” विश्रामराव म्हणाले.  पहारेकरी त्यांच्या दंडाला धरणार, एवढ्यात खिडकीतून धीरज स्वतःच उठून आला. “राहू दे रे. काका, बसा. पाणी घ्या.” त्याने व्याजदराचा छापील कागद त्यांच्या हातात ठेवला आणि दारापर्यंत सोडायलाही आला. विश्रामरावांनी खाली घातलेली मान वर केली नाही.

स्टेशनाजवळच्या टपरीवर चहा मागवून त्यांनी फोटो उघडला, दोन बोटांनी मोठा केला, आणि पेला ओठांपर्यंत जायचा थांबला. धीरजच्या डाव्या गालावर पांढरा डाग होता. नाण्याएवढा, कडांना विरघळल्यासारखा.

आता सगळं जुळलं. तो गुळगुळीत फोटो, उशिरा आलेला निरोप, ‘बाकी कशाचं काही नाही’. समोर उभा होता तेव्हा ओझरता चेहरा दिसला, त्यात डाग काही दिसला नव्हता. पण तीच तर मेख होती. पोरगा काहीतरी लावत असणार. डोळ्याला फसवता येतं, कॅमेऱ्याला येत नाही.

तरी विश्रामराव न्यायी माणूस. एका नमुन्यावर ते कधी फुली मारत नसत. त्यांच्या हाताखालचा विनोद मासवणचा, रोज पालघरवरूनच घरी जायचा. त्यांनी त्याला बाजूला घेतलं आणि दुसरा फोटो आणायची कामगिरी सोपवली.

“काढतो ना चुरीभाऊ. माझा कॅमेरा एक नंबर हाय.”

“मला एक नंबर नको, खरा पायजे. माझाच फोन घेऊन जा.”

दुसऱ्या दिवशी विनोद फोन परत घेऊन आला. बरोबर पतपेढीचं नवंकोरं पासबुकही होतं. “पोरगा एवढं चांगलं बोलला की मी खातंच उघडलं. त्यालाच सांगितलं, पहिल्या खात्याची आठवण म्हणून तुमचा एक फोटो द्या. लगेच उभा रायला.”

विनोदने फोन आडवा धरून फोटो काढला होता. विश्रामरावांनी तो मोठा केला. डाग कपाळावर होता.

“पसरतंय,” ते पुटपुटले.

“काय?”

“गालावर होतं, कपाळावर आलं.”

विनोदने फोटोत डोकं घातलं. “पण मी हातभर अंतरावर होतो भाऊ. ह्याच्या कपाळावर काय नव्हतं.”

“तुला दिसलं नाय. वरून थापलेलं असतं.”

“मग गालावरचा कुठे गेला?”

“तिकडे थर जाड बसला असेल,” विश्रामरावांनी ठणकावलं.

घरी आल्यावर, समिधा शाळेतून यायच्या आत, त्यांनी दोन्ही फोटो बायकोपुढे धरले. दमयंतीबाई बराच वेळ बघत राहिल्या.

“हाय तर हाय,” त्या शेवटी म्हणाल्या. “आमच्या शाळेतल्या बाईंना होते डाग. त्यांच्यासारखी मायेची बाई मी दुसरी बघितली नाय. ते काय कोणाला लागत नाय.”

“डागाचं मलापण काय नाय. लपवल्याचं हाय. आज हे लपवलं, उद्या काय लपवतील?”

“मग सरळ विचारा.”

“विचारून कोण सांगतं? तपासायचं असतं.”

दमयंतीबाईंना ते पटलं नव्हतं. पण संशय असा असतो की एकाच्या डोक्यात मावत नाही. रविवारपर्यंत त्यासुद्धा भाजी चिरता चिरता मध्येच थांबून त्या गालाचा विचार करू लागल्या. समिधाला कुणीच काही सांगितलं नाही. ती शाळेच्या वह्या तपासता तपासता गुणगुणत होती, आणि ते ऐकून आईचा जीव आणखीच खालीवर होत होता.

रविवारी राऊत मंडळी आली. पंढरीराव, त्यांच्या पत्नी मंजुळाबाई आणि धीरज. बरोबर स्वतःच्या पानवेलीची हिरवीगार पानं भरलेली टोपली होती. विश्रामराव अंगणातच उभे होते. पुढ्यात पाण्याची बादली, हातात साबण, खांद्यावर खरखरीत पांढराशुभ्र टॉवेल.

“या, या. पाय धुवा. धीरजराव, तुमी तोंडपण धुवा. रस्त्याला जाम धूळ हाय.”

“आम्ही गाडीने आलो काका. काचा बंद होत्या.”

“बंद काचेतून बारीक धूळ येते. ती जास्त वाईट.”

धीरजने त्यांच्याकडे एकदा निरखून पाहिलं, हसू दाबलं आणि तोंडावर पाणी मारलं.

“कानाकडे रायलं,” विश्रामराव वाकून म्हणाले. “हा साबण घ्या. कडुलिंबाचा हाय. जोरात लावा.”

धीरजने साबण लावला. विश्रामरावांनी टॉवेल दिला, लगेच परत घेतला आणि उजेडात धरून पाहिला. टॉवेलावर कसलाच डाग नव्हता. “एकदा अजून,” ते म्हणाले.

“ह्यांच्यात अशी पद्धत असेल,” मंजुळाबाई नवऱ्याच्या कानात कुजबुजल्या. पंढरीराव रीतभात पाळणारे गृहस्थ. त्यांनी बाह्या सावरल्या, साबण उचलला आणि स्वतःचंही तोंड खसाखसा धुतलं.

मंडळी माजघरात बसली. समिधा पोहे घेऊन आली. आणि आता चुरींच्या घराला एक नवीनच गोष्ट जाणवू लागली. मंजुळाबाई समिधाकडे बघत होत्या, पण लोक मुलीकडे बघतात तसं नाही. त्या आधी खिडकीकडच्या खुर्चीवर बसल्या होत्या, मग उठून समोरच्या खुर्चीवर गेल्या. “पोरी, जरा इकडे ये, उजेडात.” त्यांनी तिची हनुवटी धरली, डावा गाल पाहिला. मग हळूच उजवा पाहिला. मग परत डावा. “गोड हाय हो,” त्या म्हणाल्या, पण कपाळावर आठी होती. पंढरीराव घसा खाकरून छताचे वासे बघू लागले.

विश्रामरावांच्या हातातली पोह्यांची बशी तशीच राहिली. आपल्या मालात दुसरं कुणीतरी बॅटरी मारून बघतंय, हा अनुभव त्यांना नवा होता, आणि तो त्यांना अजिबात आवडला नाही.

“एक फोटो घेतो धीरजरावांचा,” ते एकदम म्हणाले. घासून लालबुंद झालेल्या चेहऱ्याने धीरज नाक मधोमध ठेवून बसला. खचाक. विश्रामराव फोन घेऊन तडक स्वयंपाकघरात शिरले.

“बघ! पाण्याने गेला नाय, साबणाने गेला नाय, समोर दिसत नाय, आणि फोटोत हाय! परत गालावर आलाय! केवढं जालीम औषध लावत असेल हा!”

“हळू बोला हो, ऐकतील,” दमयंतीबाई चहा गाळता गाळता म्हणाल्या. पण फोटोकडे पाहता पाहता त्यांचाही थोडा चहा ओट्यावर सांडला.

तेवढ्यात रिकाम्या बशा घेऊन मंजुळाबाई दारात आल्या. “ताई, एक बोलू? राग मानू नका.”

“बोला ना.”

“आमी सगळं ठरवूनच आलो होतो. फोटो आला तेव्हा आमी जरा विचारात पडलो होतो, खोटं कशाला सांगू? पण धीरज म्हणाला, आई, ज्या माणसाने पोरीच्या गालावरचा डाग न झाकता फोटो पाठवला, वर लिहिलं की काय लपवलेलं नाय, त्या घरासारखं सरळ घर मिळायचं नाय. आणि पोरगी त्याच्याशी बोलली तेव्हाच त्याला आवडली होती. म्हणून आमी आलो.” त्यांनी आवाज खाली आणला. “पण आता बघते तर डाग दिसतच नाय. आमी येणार म्हणून तुमी तिला कायतरी लावलंय. नका हो लावू. आमच्यासमोर काय झाकायची गरज नाय.”

दमयंतीबाईंच्या हातातली गाळणी ओट्यावर पडली. “डाग? माझ्या पोरीच्या गालावर?”

“डाग तुमच्या पोराला हाय!” विश्रामराव गरजले. “आणि वर आमच्यावर ढकलता? माझ्याकडे फोटो हायत! तीन!”

“माझ्या धीरजला?” मंजुळाबाईंचाही आवाज चढला. “लहानपणापासून त्याला गोवरसुद्धा उठलेला नाय!”

माजघरातून सगळे धावत आले. कुणाला काय झालंय ते कळेना आणि प्रत्येक जण दुसऱ्यापेक्षा मोठ्याने बोलू लागला. अखेर समिधा मध्ये आली. तिने वडिलांच्या हातातला फोन घेतला, पंढरीरावांच्या खिशातला फोन मागून घेतला, आणि दोन्ही फोटो ओट्यावर शेजारी शेजारी ठेवले. एकात चिकूखाली ती. दुसऱ्यात लालबुंद तोंडाचा धीरज. दोघांची नाकं बरोबर मधोमध. दोघांच्या डाव्या गालावर तोच डाग, तेवढाच, कडांना विरघळलेला.

 बाहेर वाडीत एक कोंबडी विनाकारण ओरडत होती.

समिधाने धीरजच्या गालाकडे पाहिलं. धीरजने तिच्या गालाकडे पाहिलं. मग तिने वडिलांचा फोन उचलला. “पप्पा, तिथेच थांबा. हनुवटी वर. नाक मधोमध. हसू नका.”

विश्रामराव हसण्याच्या स्थितीत नव्हतेच. खचाक.

त्या फोनमध्ये त्यांचा स्वतःचा फोटो आजवर कुणीच काढला नव्हता. काढणारे नेहमी तेच असत. समिधाने फोन त्यांच्यापुढे धरला. विश्राम चुरी, माल तपासणी विभाग, डाव्या गालावर नाण्याएवढा पांढरा डाग.

त्यांचा हात आपोआप गालाकडे गेला.

समिधाने फोन उलटा केला, कॅमेऱ्याच्या काचेवरून नख फिरवलं, आणि नखाखाली मळकट चिकट वळकटी निघाली. “हे काय आहे?”

दमयंतीबाईंनी ते दुरूनच ओळखलं. “हा माझ्या डब्याचा डिंक! तो फाटकावरचा मेला स्टिकर! रोज वरचा काढलात, खालचा डिंक तिथेच ठेवलात!”

“मग तो मीटर…” विश्रामराव क्षीण आवाजात म्हणाले.

“लाइनमनची माफी मागायची उद्या.”

“पण तुमच्या फोटोत धीरजराव एवढे गुळगुळीत कसे?” बुडत्याने हात मारावा तसा विश्रामरावांनी शेवटचा प्रश्न काढला.

“तो माझ्या फोनमधला,” मंजुळाबाई म्हणाल्या. “त्यात सगळे तसेच येतात. आमच्याकडे नारळ पाडायला बुधा येतो, तोंडात दात नायत, तोसुद्धा नवरदेव दिसतो. बंद कसं करायचं ते मला म्हायती नाय.”

धीरजला आता हसू आवरेना. समिधानेही पदर तोंडाला लावला. पण विश्रामरावांना हसू आलं नाही. त्यांना मनापासून लाज वाटत होती. उभ्या आयुष्यात एवढी कधी वाटली नव्हती. या माणसांनी त्यांचा निरोप वाचला आणि त्यात सरळपणा पाहिला. त्यांनी या माणसांचा निरोप वाचला आणि त्यात लबाडी शोधली. सगळ्या घरात एकच फुली मारण्याजोगी वस्तू होती, आणि ती म्हणजे ते स्वतः.

“पंढरीराव,” ते हात जोडून म्हणाले, “तुमी डाग बघून आमच्या घरी आलात. मी डाग बघून साबण आणला. मला माफ करा. ह्यात पोरीची काय चूक नाय. जे काय म्हणायचं ते मला म्हणा.”

पंढरीरावांनी क्षणभर विचार केला. मग स्वतःच्या गालावरून हात फिरवला. “साबण चांगला हाय पण तुमचा,” ते म्हणाले. “कुठल्या दुकानातला?”

आणि तेव्हा सगळं घर हसलं. दमयंतीबाई पदराने डोळे पुसून पुन्हा चहा गाळायला लागल्या.

“काका,” धीरज विश्रामरावांजवळ येऊन हळूच म्हणाला, “व्याजाचा दर कळला ना? नाहीतर मी अजून एक कागद आणून देतो.”

“तुमी ओळखलंत?”

“अंगणात पाय ठेवला तेव्हाच. पण म्हटलं, आधी तोंड धुऊ.”

चहा झाला. समिधाला विचारायची गरजच नव्हती, तरी विचारलं. तिने वडिलांकडे पाहून, “पप्पांची तपासणी झाली असेल तर माझं हो आहे,” असं सांगितलं. मंजुळाबाईंनी तिच्या डाव्या गालावरून पुन्हा एकदा हात फिरवला, या वेळी आठी न घालता. निघताना विश्रामरावांनी कॅमेऱ्याची काच सदऱ्याने लख्ख पुसली आणि भरपाई म्हणून समिधाचा नवा, स्वच्छ फोटो काढून द्यायची तयारी दाखवली.

“नको काका,” धीरज म्हणाला. “माझ्याकडे तोच राहू दे.”

गाडी वळणाआड गेली. समिधा फाटकातच उभी राहिली. विश्रामराव पडवीत येऊन बसले. फोनची काच पुन्हा एकदा सदऱ्याने पुसली. दमयंतीबाईंना वाटलं, बरं झालं, माणूस सुधारला.

“पण मला एक कळत नाय,” विश्रामराव डोळे बारीक करून म्हणाले. “फुकट चांगला फोटो देत होतो. तो नको का म्हणाला? कायतरी कारण असणार.”

दमयंतीबाई उठून आत गेल्या आणि डब्याचं झाकण घेऊन आल्या. त्यावरचा सगळ्यात ताजा लाल स्टिकर त्यांनी नखाने सोडवला, नवऱ्याच्या हातातून फोन काढून घेतला, आणि स्टिकर कॅमेऱ्यावर ठेवून अंगठ्याने घट्ट दाबला.

“लग्न लागेस्तोवर हा काढायचा नाय,” त्या म्हणाल्या आणि फोन त्यांच्या मांडीवर ठेवून दिला.

विश्रामरावांनी मग सवयीने स्टिकरच्या कडांवरून बोट फिरवलं. कुठेही फुगवटा नव्हता. अगदी नीट बसला होता.